तिसरा पुकारा

बुधवारी कोर्टातून घरी आले की मी आधी पदर झटकायची. पदराला काही ना काही चिकटलेलं असायचंच. शेंगेचं टरफल, कुण्या लेकराचा शेंबूड, नाहीतर एखादा किस्सा. टरफलं झाडली, पदर धुतला, किस्से मात्र साठून राहिले. आता भिशीला बायका जमल्या की म्हणतात, "काकू, तुमच्या कोर्टातलं सांगा ना!" जशी काही मी हायकोर्टातून रिटायर झालेय!

अहो, माझं शिक्षण सातवी. आणि कोर्ट म्हणजे जालन्यातल्या रिमांड होममधली एक खोली. चुकलेली, टाकलेली, पळून आलेली लेकरं तिथं ठेवायचे आणि बुधवारी एक मॅजिस्ट्रेट साहेब येऊन ती पुढं कुठं पाठवायची ते ठरवायचे. शेजारचं घर आमचं. मधे एक भिंत. आणि भिंतीच्या अलीकडं एक पालथी बादली. तिच्यावर मी!

* * *

माझी नेमणूक कशी झाली, ते आधी सांगते.

बादलीवर चढून मी सगळं बघायची. "त्या पोराला खोकला झालाय, हळद-दूध द्या!" "अहो, ती पोरगी केव्हाची रडून राह्यली, बघा की कुणीतरी!" तिथले अधीक्षक कंटाळले. त्यांनी साहेबांकडं माझी तक्रार केली.

बोलावणं आलं. आमचे हे जामीन राहायला म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर उभे राहिले.

साहेब वयानं तरुण, चष्मेवाले. म्हणाले, "काकू, कायद्यात असं आहे की मुलांच्या कोर्टात माझ्या शेजारी समाजातली माणसं बसली पाहिजेत, त्यात एक बाई हवी. मला इथं कुणी मिळेना. तुम्ही तशाही रोज हजर असताच."

कागद वरून यायला वेळ लागला, पण आला. घरी ह्यांनी तो मोठ्यानं वाचला आणि म्हणाले, "घ्या! तुझ्या नाकाला सरकारी मान्यता मिळाली!"

* * *

पहिल्याच बुधवारी रहीमचाचांशी माझं वाजलं. चाचा कोर्टाचे जुने शिपाई, लाल पट्टा, पांढऱ्या मिशा. कुणाची केस निघाली की व्हरांड्यात उभं राहून त्याच्या नावाचा तीनदा पुकारा करायचा, हे त्यांचं काम. तीन पुकाऱ्यांत माणूस आला न्हाई तर तो गैरहजर, आणि साहेब त्याच्याविना निकाल द्यायला मोकळे.

आता लेकरू उभं चाचांच्या गुडघ्याशी, आणि चाचा छत फाटेल असे ओरडले, "छबीऽऽ आणि गणूऽऽ, हाजिर होऽऽ!"

छबी असेल नऊ-दहा वर्षांची. दगडासारखी उभी. तिचा भाऊ गणू, चारेक वर्षांचा, तो जो सुटला तो थेट साहेबांच्या टेबलाखाली!

ही दोघं जालना स्टेशनवर सापडलेली. आई गेलेली, बाप आहे की न्हाई ते पोरगी सांगेना. गाव सांगेना. आणि नातेवाईक सापडला न्हाई तर दोघांची ताटातूट ठरलेली, कारण मुलींची संस्था एका जिल्ह्यात, लहान मुलांची दुसऱ्या जिल्ह्यात. छबीला हे कुणीतरी सांगितलं होतं. गणूचा सदरा तिनं मुठीत असा धरलेला असायचा की त्याची बटणं तुटली होती.

मी म्हटलं, "चाचा, इतकं ओरडू नका. लेकरं भितात."

चाचांचा चेहरा उतरला. "मंग बाई, मी करू काय? पुकारा तर कानून हाय."

साहेबांनी तोड काढली. "हळू करा."

तेव्हापासून चाचा वाकून लेकराच्या कानात तीनदा कुजबुजायचे, "हाजिर हो बेटा... हाजिर हो..." आणि मग माझ्याकडं असं बघायचे, जशी मी त्यांची बंदूक काढून घेऊन हातात पिपाणी दिली!

* * *

गणूला टेबलाखालून काढायचं कुणी? समाजातली बाई कोण? मी!

गेले खाली. "ये रे राजा" म्हटलं, गूळ दाखवला. त्यानं गूळ घेतला आणि दुसऱ्या बाजूनं निघून गेला. मी मात्र अडकले. टेबल सरकारी, मी घरच्या तुपावरची! अंबाडा खिळ्यात गुंतलेला, पदर साहेबांच्या खुर्चीच्या पायाखाली.

साहेब वरून म्हणाले, "कोर्ट उठलं."

मी खालून म्हणाले, "साहेब, कोर्ट उठलं असंल. मी न्हाई!"

पुढच्या बुधवारी टेबल भिंतीला गेलं आणि खाली सतरंजी आली. मुलांच्या कोर्टात ही मोठी सुधारणा झाली म्हणतात. मी कशी सुधारणा केली ते कुणी विचारत न्हाई, ते बरंच आहे.

* * *

छबीचं गाव मी शोधून काढणार, हे मी जाहीर करून टाकलं होतं. अहो, गल्लीत कुणाकडं कोण पाहुणा आला ते मला पाहुण्याच्या आधी कळायचं!

तिच्या झग्याचं कापड मी ओळखलं. निळ्यावर पिवळी चिमणी. अस्संच कापड माझ्या नणंदेच्या पोरीला घेतलेलं, जाफराबादच्या दुकानातून! झालं. खरात मॅडमना ओढून काढलं. मॅडम प्रोबेशन ऑफिसर, म्हणजे लेकरांच्या घरी जाऊन चौकशी करणाऱ्या, पोरसवदा आणि अबोल. जीपमध्ये कोंबून आम्ही जाफराबादला गेलो. वाटेत मी त्यांना चौकशी कशी करायची ते शिकवलं.

बाजारात उतरलो आणि बघते तर काय! समोरून चिमणी, बाजूला चिमणी, हातपंपावर दोन चिमण्या! दुकानदारानं ठाणच्या ठाण आणलेलं, अर्ध्या तालुक्यात विकलेलं.

त्या दुकानदाराच्या आईनं आम्हाला चहा पाजला, मॅडमना वरपासून खालपर्यंत बघितलं आणि मला म्हणाली, "पोरगी कामाची दिसती. आमच्या धाकट्यासाठी जमवून टाकू का?"

परत येईपर्यंत मॅडम माझ्याशी बोलल्या न्हाईत. घरी हे म्हणाले, "बराबर आहे. लेकरांचं गाव शोधायला गेल्तीस, स्थळ घेऊन आलीस!"

* * *

थंडीत घरी ओल्या तुरीच्या शेंगा आल्या. आमटीसाठी दाणे सोलायचे आणि नेमका बुधवार. मी सूपच घेऊन कोर्टात गेले आणि सतरंजीवर सोलत बसले.

थोड्या वेळानं गणू आला. मग छबी. मग खरात मॅडम. मग एक चष्मेवाला हात आला. साहेब सोलत होते, आणि निम्मे दाणे तोंडात टाकत होते!

आणि काय सांगू, हात कामात असले की लेकरांची तोंडं सुटतात! समोर उभं करून विचारलं तर मुकी. शेंग हातात दिली की बडबड. त्या दिवशी एका पोरानं आपण घरून का पळालो ते सगळं सांगून टाकलं, कुणी विचारलं नसताना.

तेवढ्यात वरचे एक मोठे अधिकारी तपासणीला आले. दारातच थबकले. सतरंजीवर मॅजिस्ट्रेट, मांडीवर टरफलं.

"हे काय चाललंय?"

साहेबांनी तोंडातले दाणे गिळले. "सुनावणी."

अधिकारी गेल्यावर मी पुन्हा छबीमागं लागले. "सांग ना बाई, कुठून आलात? बापाचं नाव काय? जवळ नदी हाय का? बाजार कधी भरतो?"

छबीनं शेंग खाली ठेवली. पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, "काकू, तुम्ही लई इचारता. कुठून आली, कुठून आली! बाप मारतो, तिकडं न्हाई जायचं आम्हाला. कुठं जायचंय, ते एकदा तरी इचारलं का?"

अख्ख्या गल्लीची चौकशी करणारी मी, आणि नेमकं हेच विचारायचं राहिलं! साहेबांनी चष्मा पुसला आणि हळूच विचारलं, "बरं, कुठं जायचंय?"

"केदारखेड्याला. मावशीकडं."

* * *

खरात मॅडम केदारखेड्याला जाऊन आल्या. ह्या वेळी मला न घेता! मावशी सापडली. ऐकून रडली. पण म्हणाली, "घरच्यांना विचारते, ते हो म्हणाले तर बुधवारी येते." म्हणजे आली तर आली.

बुधवार उजाडला. त्याच दिवशी लेकरांना न्यायला गाडी येऊन उभी राहिली, वरून तसा हुकूमच होता. छबीला मुलींच्या संस्थेत सोडायचं, गणूला पुढं दुसऱ्या जिल्ह्यात. दुपार झाली. मावशी न्हाई. मी सकाळपासून बादलीवर, नजर रस्त्याला. सतरंजीवर आता दर बुधवारी असायचं ते शेंगांचं सूप, आणि शेजारी छबी बसलेली, मुठीत गणूचा सदरा.

शेवटी मी आत येऊन मान हलवली. साहेबांनी कागद पुढं ओढला. म्हणाले, "चाचा, मावशीचा पुकारा करा. मोठ्यानं. बाहेर गेटवर."

कितीतरी महिन्यांनी चाचांनी छाती भरून घेतली. "केदारखेड्याची गंगूबाईऽऽ, हाजिर होऽऽ!"

कुणी न्हाई.

दुसरा पुकारा. गणू टेबलाखाली जायला निघाला, पण छबीनं सोडला न्हाई.

तिसरा पुकारा काही होईना. आम्ही कान देऊन बसलो. काही न्हाई. गाडीचा ड्रायव्हर आत डोकावला. "साहेब, जल्दी करा, लांब जायचंय."

साहेब म्हणाले, "तिसरा पुकारा झाल्याशिवाय मला काही लिहिता येत न्हाई."

"तो चाचा गेटवर बिडी ओढत बसलाय!"

"त्यांच्या कामात मी ढवळाढवळ करत न्हाई," असं म्हणून साहेबांनी सुपातली एक शेंग उचलली. मग मीही उचलली. आम्ही सोलत बसलो. सूप रिकामं झालं, तर साहेब टरफलंच पुन्हा तपासायला लागले.

उन्हं कलली तेव्हा दारात धापा टाकत एक बाई उभी. पायांवर गुडघ्यापर्यंत धूळ. "एस्टी पंक्चर झाल्ती, साहेब... चालत आले... मालक हो म्हणले..." छबीनं सदरा सोडला तो तेव्हा.

मी तिला पाणी दिलं. "अगं, घाबरली असशील किती!"

"गेटवरचे चाचा म्हणले, सावकाश जा, दम घे. अजून पुकारा व्हायचाय."

साहेबांनी कागद लिहिला. गाडी रिकामी गेली. मावशी दोन्ही लेकरं घेऊन निघाली, गणू तिच्या कडेवर. मी बादलीवर चढले, दिसतील तोवर बघायला.

ती गेटाबाहेर पडली असंल-नसंल, तोच चाचा उठले. बिडी विझवली, पट्टा सरळ केला, छाती भरली आणि सगळी गल्ली दणाणेल असा तिसरा पुकारा दिला, "केदारखेड्याची गंगूबाईऽऽ, हाजिर होऽऽ!"

मी दचकले, बादली घसरली, मी भिंतीला लोंबकळले. तशीच बघते तर मावशी थांबलेली. आणि तिच्या कडेवरून गणूनं मागं वळून हात वर केला नि बेंबीच्या देठापासून ओरडला,

"हाजिऽऽर!"