विहिरीच्या वाट्याचा गूळ

कुंदाची लेक दारात उभी राहिली तेव्हा मी गूळ फोडत होते. "मावशी, आई... नहीं रहीं," एवढंच ती म्हणाली. आणि मी वेडी, हातातला खडा तिच्या तळहातावर ठेवून पाणी आणायला वळले. उन्हातून आलेल्याला गूळ-पाणी द्यायचं, त्या क्षणी तेवढंच सुचलं.

महिना होऊन गेला. अजून इथं उत्तरेत, अलीगंजच्या या अंगणात दुपार कलली की वाटतं, कुंदा विहिरीच्या कट्ट्यावर बसलीय आणि तळाशी कुणाशी तरी हळू आवाजात बोलतेय... नागपूरकडची ती. इथल्या एका प्रयोगशाळेत सूक्ष्मजीवांवर काम करायची. सत्तरीच्या दशकात आमच्या विहिरीचं पाणी एकाएकी गोडसर लागायला लागलं, तेव्हा आम्ही खूश! तिनं मात्र वास घेतला आणि माझ्या हातातला पेला काढूनच घेतला. घरामागच्या कारखान्यात लोखंडी भागांवरचं ग्रीस ज्या रसायनानं धुवायचे, ते उघड्या खड्ड्यात ओतत. मुरत मुरत ते आमच्या पाण्यात उतरलं होतं. तिनं भांडभांड भांडून खड्डा बुजवायला लावला. पण मुरलेलं विष कसं काढायचं?

"ते संपवणारे जीव खालीच आहेत गं," ती म्हणाली. "उपाशी आहेत बिचारे. त्यांना गूळ घालू."

मग ती दर रविवारी पलीकडच्या विकास नगरहून यायची आणि बादलीभर गुळाचं पाणी विहिरीत सोडायची. थोड्याच दिवसांत पाणी काळं पडलं, सडक्या अंड्यांचा वास सुटला. शेजारची भाभी नाकाला पदर लावून म्हणाली, "दीदी, कुआँ तो और सड़ गया!" कुंदा खुशीत! पाण्यातली हवा संपली, आता हवा नको असलेले ते जीव जोमानं कामाला लागतील, म्हणे. पण ती गावाला गेली तेव्हा सासूबाईंना राहवलं नाही. वर्षातून एकदा विहिरीत जंतू मारणारी लाल दवा टाकायची रीतच होती. त्यांनी दुप्पट टाकली. कुंदा परतली, तो जांभळं पाणी! सासूबाईंना म्हणाली, "मावशी, माझी सगळी पोरं मारलीत हो!"

दुसऱ्या दिवसापासून गूळ सासूबाईच भिजवायला लागल्या.

मी एकदा वैतागून म्हटलं, "सोड ना हा नाद, आता नळ आलाय!" तशी ती म्हणाली, "माझी आजी गावच्या विहिरीपाशी ओंजळ पसरून उभी राहायची. कुणी वरून ओतलं तर पाणी. विहिरीला शिवायची सोय नव्हती. या विहिरीचा पहिला पेला मला हवाय."

मिळाला. वर्षं गेली, पण मिळाला. तपासणीत पाणी स्वच्छ निघालं, तरी प्यायची कुणाची छाती होईना. सासूबाईंनी स्वतः दोर ओढला, पेला भरला आणि म्हणाल्या, "घे, पोरी." कुंदानं डोळे मिटून घोट घेतला.

"कसं लागतंय?" मी विचारलं.

"कसंच नाही गं... कसंच नाही!" आणि ती रडायला लागली. मग आम्हीही.

"तुझ्या पोरांचं काय आता?" नंतर मी विचारलं होतं. ती म्हणाली, "जेवण संपलं की तीही संपतात. आता गूळ टाकायचा नाही हं, पाणी बिघडेल. ओरडेन मी!"

काल तिची लेक येऊन गेली. गूळ-पाणी घेऊन गेली. उरलेला खडा मी विहिरीत टाकला... एका खड्यानं काही होत नाही, मला ठाऊक आहे.

कुंदा, ओरड ना गं.