कुंकवाचं बोट

खंडेनवमीला आमच्याकडे शिलाई मशीन, पाना-पक्कड, स्कूटर, सगळ्यांना हळदकुंकू लागतं. यंदा सुहासनं, माझ्या नवऱ्यानं, कपाटातला खेळण्याचा खोकाही पाटावर आणून ठेवला. ठोकळे जोडून किल्ला करायचा तो खेळ, अजून सीलबंद. कंपनीनं तो बनवणं बंद केलंय, आता भाव चढणारच, असा त्याचा होरा. मी कुंकवाचं बोट खोक्याकडे नेलं, तर त्यानं माझं मनगटच धरलं. "अगं, डाग पडला तर संपलं सगळं!"

बाकीच्या घरांतल्या मुलांनी आपापले किल्ले मोडले, ठोकळे हरवले, म्हणून तर न उघडलेल्याला मोल. खेळणं त्यांचं झालं. आमच्या वाट्याला दमट हवेची, वाळवीची, चेपलेल्या कोपऱ्याची धास्ती. हल्ली त्या कपाटापाशी माझा केरसुणीचा हातही आपोआप हळू होतो.

मी बोट पदराला पुसलं. आमची सात वर्षांची मुक्ता दारात उभी होती. "ये, नमस्कार कर," मी म्हणाले. ती आली, वाकली, पण दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरूनच.

तिला तसं कुणीच सांगितलं नव्हतं.