मंगलाबाईंची पिकअप आणि चार पाइप

मंगलाबाई जगतापांना आधी वाटलं, चष्म्याचा नंबर वाढला असावा. सकाळी हातोद गावाहून दुधाच्या कॅन भरून निघालं की अर्ध्या वाटेत कपाळ ठणकायला लागायचं, आणि जुन्या इंदुरातल्या हलवायांच्या दुकानांपाशी पोचेपर्यंत मळमळून यायचं. घरी छत्रीबागेत येऊन आडवं पडलं की तासाभरात बरं वाटायचं. डॉक्टरांनी डोळे तपासले, पोट तपासलं, उपास कमी करा म्हणाले. मंगलाबाईंनी चतुर्थी सोडली, डोकेदुखी सुटली नाही.

मग एका सकाळी गाडी सुरू केल्याबरोबर बॉनेटखालून टक-टक-टक आवाज आला, आणि पायाखालच्या फळीतून धुराचा उग्र वास. मंगलाबाईंनी गाडी बंद केली आणि ओसरीवर बसलेल्या नवऱ्याला विचारलं, "अहो, ऐकलंत?"

"ऐकलं," जयसिंगराव म्हणाले. "मॅनिफोल्ड तडकलाय."

इंजिनातला जळका धूर गोळा करून मागच्या सायलेन्सरकडे नेणारा तो बिडाचा ओतीव भाग. तडकला की धूर वाटेतच बाहेर पडतो आणि फळीच्या फटींतून थेट चालवणाऱ्याच्या नाकात जातो. डोळ्यांचा काही संबंधच नव्हता.

जयसिंगरावांच्या घराण्यात तीन पिढ्या होळकरांच्या चाकरीत गेल्या. आजोबा घोडदळात, वडील पागेत आणि ते स्वतः राजवाड्याच्या मोटारखान्यात. संस्थान विलीन झालं, तेव्हा लिलावात निघालेली एक अमेरिकन पिकअप त्यांनी घेतली आणि दुधाचा धंदा धरला. छप्पन साली, नवा मध्य प्रदेश झाला त्याच हिवाळ्यात, त्यांना अर्धांगाचा झटका आला. वाचा शाबूत राहिली, पण डावा हात गिअरच्या दांड्यापर्यंत उचलेना. तेव्हा मंगलाबाईंनी हातोदच्या रस्त्यावर गाडी शिकून घेतली. शेजारी बसून जयसिंगराव ओरडत, ह्या रडत, आणि गाडी पुढे जात राही. आता तिसरं वर्ष होतं. बायकोने दूध पोचवावं हे जयसिंगरावांनी पत्करलं होतं, पण गाडी मात्र अजून त्यांचीच होती.

"शरच्चंद्राकडून गॅस वेल्डिंग करून घे," ते म्हणाले. शरच्चंद्र त्यांचा मोटारखान्यातला जुना सोबती. त्याने बीड तापवलं, जोडलं, राखेत हळूहळू निवू दिलं. आठव्या दिवशी त्याच जागी, जरा बाजूला, नवी चीर गेली.

मग मुंबईच्या एका दुकानाला पत्र टाकलं. दीड महिन्याने उत्तर आलं, की सदर माल परदेशी असून आयातीवर बंदी आहे, तरी क्षमस्व. मग कुणी तरी सांगितलं, महूला लष्कराच्या भंगारात मिळेल. मंगलाबाई बसने महूला गेल्या, दिवसभर उन्हात लोखंडाचे ढीग उपसले आणि अगदी तसाच दिसणारा मॅनिफोल्ड पदराखाली धरून घरी आणला. लावून पाहिला तर भोकं बोटभर पुढे. तो दुसऱ्याच सालच्या गाडीचा होता.

"माप घेऊन जायचं ना," जयसिंगराव म्हणाले.

"तुम्ही सांगायचं ना!"

त्या दिवशी मंगलाबाई जेवल्या नाहीत.

जुन्या इंदुरात नंदू वेल्डर होता, विहिरींच्या पंपांचे पाइप जोडणारा. तिशीचा गडी, हाताने चोख, तोंडाने त्याहून जास्त. तडकलेला तुकडा उलटसुलट करून तो म्हणाला, "काकूजी, इसको छोडो. मी तुम्हाला स्टीलच्या पाइपांचा नवाच बनवून देतो ना. रेसवाले लोक हेच लावतात, मतलब मुद्दाम लावतात. धूर फटाफट बाहेर, गाडी एकदम हलकी."

इंजिनाला सिलिंडर सहा, पण धूर बाहेर पडायला तोंडं चारच. चार तोंडांना चार वाकवलेले पाइप, खाली येऊन एकात मिळणारे, असा त्याचा बेत.

घरी हे ऐकून जयसिंगरावांचा चेहरा काळवंडला. "माझ्या गाडीला नळाचे पाइप? कंपनीने काही विचार करूनच ते बीड ओतलं असेल ना?"

"असेल. पण कंपनी पाठवत नाही. धूर मी खाते."

"मग तुझं तू बघ," ते म्हणाले आणि तोंड फिरवून बसले.

मंगलाबाईंनी बघितलं. नंदूला जाड, रुंद पाइप लावायची हौस होती, आवाज दमदार येतो म्हणून. मंगलाबाई यावेळी सुतळीने इंजिनाच्या तोंडांचं माप घेऊन गेल्या होत्या. "तोंडाएवढाच पाइप, नंदू भिया. जास्त नको. आणि पत्रा पातळ नको, वर्षात सडेल." नंदूने बॉयलरचे जुने पाइप दाखवले. त्यांनी एकेक वाजवून पाहिला आणि त्यातले चार निवडले.

खरी झोंबाझोंबी पुढेच होती. नंदू घरी येऊन जुना मॅनिफोल्ड काढत असताना तो धरून ठेवणारे दोन स्टड इंजिनातच मोडून राहिले. हाताच्या ड्रिलने ते पोखरून काढायला दोन दिवस गेले. तोवर दूध टांग्याने यायचं आणि उन्हाने नासायचं. तिसऱ्या दिवशी एका हलवायाने दुसरा दूधवाला बघितला. नवे पाइप बसवले, गाडी सुरू केली, आणि पुन्हा तीच टक-टक. वेल्डिंगच्या आचेने पाइप जोडलेली लोखंडी पट्टी धनुष्यासारखी वाकली होती. इंजिन आणि पट्टी यांच्यामध्ये सुरीचं पातं जाईल एवढी फट.

"पॅकिंग डबल टाकतो, काकूजी. चलेगा."

"नाही चालणार. काढ."

"अरे, मेरी मानो तो सही."

"सहा महिने सगळ्यांचंच मानतेय मी. काढ म्हटलं ना!"

मंगलाबाईंना आठवलं, नवरा पूर्वी कुठलंही झाकण सपाट आहे का ते कसं बघायचा. त्यांनी घरच्या खिडकीची काच उतरवली, दिव्यावर काजळी धरून तेलात खलली आणि काचेला फासली. पट्टी त्यावर ठेवून उचलली की उंचवट्यांना काळं लागायचं, तेवढंच कानशीने घासायचं. पुन्हा काच, पुन्हा काजळ, पुन्हा कानस. थोडा वेळ नंदू घासे, थोडा वेळ त्या. तळहाताला फोड आले. ओसरीवरून जयसिंगराव सगळं पाहत होते. एकदा ते काही बोलतील असं वाटलं, पण त्यांनी पेपर उघडला.

तिसऱ्यांदा बसवल्यावर टक-टक थांबली. फळीतून वास येईना. चार दिवसांत मंगलाबाईंची डोकेदुखी थांबली, आणि हातोदचा चढ गाडी दुसऱ्या गिअरऐवजी तिसऱ्यात चढायला लागली. आवाज मात्र वाढला. छत्रीबागेतल्या बायका म्हणायच्या, मंगला येतेय हे नदीपलीकडून कळतं.

हे सुख दिवाळीपर्यंतच टिकलं. थंडी पडली आणि सकाळी गाडी खोकायला लागली. सुरू व्हायची, फर्लांगभर जायची, धाप लागल्यासारखी करून बंद पडायची. मार्गशीर्षात एका आठवड्यात मंगलाबाई तीनदा वाटेत अडकल्या. नंदूने प्लग बदलले, पेट्रोलची नळी साफ केली आणि शेवटी म्हणाला, "काकूजी, सच बोलूं? मला समजत नाहीये."

त्या दिवशी घरी येऊन मंगलाबाईंनी चावी ओसरीवर आपटली. "विका हिला! माझ्याने होत नाही."

जयसिंगरावांनी चावी उचलून बाजूला ठेवली. मग खाली बघत म्हणाले, "कार्बोरेटर गारठतोय, पेट्रोलची वाफ होत नाही. जुनं बीड त्याला चिकटून होतं, त्याची ऊब लागायची. पाइप लांबून गेले. ऊब गेली."

मंगलाबाई पाहतच राहिल्या. "हे तुम्हाला कधीपासून ठाऊक?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि बोलला नाहीत."

"तू विचारलं नाहीस. नंदूला विचारलंस."

त्या काय काय बोलल्या ते शेजारच्या लीलावहिनींनी भिंतीपलीकडून शब्दन् शब्द ऐकलं. महूचं ऊन, हाताचे फोड, नासलेलं दूध, सगळं निघालं. शेवटी मंगलाबाई दमून पायरीवर बसल्या, तेव्हा जयसिंगराव उजव्या हाताने भिंत धरून उठले, पाय ओढत गाडीपाशी गेले आणि म्हणाले, "तेलाचा रिकामा डबा आण. आणि कातरी."

त्यांनी सांगितलं तसा मंगलाबाईंनी पत्रा कापला. तापलेल्या पाइपांवर त्या पत्र्याची टोपी बसवली आणि तिच्यातली गरम हवा एका नळीने कार्बोरेटरच्या तोंडाशी आणली. एका हाताने जयसिंगरावांना धरता येईना, म्हणून पत्रा त्यांनी गुडघ्याने दाबला आणि तार मंगलाबाईंनी आवळली. कडेने बोट कापलं, ते पदराला पुसून त्यांनी पीळ पुरा केला.

दुसऱ्या दिवशी धुक्यात गाडी न खोकता निघाली. गाडी शिकवण्याचे दिवस संपल्यापासून जयसिंगराव पहिल्यांदा शेजारच्या सीटवर बसले होते. हातोदपर्यंत ते फक्त एकदा बोलले.

"आवाज फार करते."

"करू दे," मंगलाबाई म्हणाल्या. राग अजून उतरला नव्हता. पुढचे कित्येक दिवस उतरला नाही.

गेलेला हलवाई परत आला नाही. गाडी त्याच पाइपांवर आणखी सहा वर्षं चालली. दर थंडीत पत्र्याची टोपी सैल व्हायची आणि दर थंडीत त्यावरून भांडण व्हायचं, पण निदान आता काय बिघडलंय ते जयसिंगराव आधी सांगायचे.