फॉल्ट बोर्डात नव्हता

मागच्या मंगळवारी मी पंधरा मुलांसमोर एका बिचाऱ्या बोर्डावर आळ घेतला... आणि तो खपूनही गेला.

लखनऊला मानक नगरमध्ये आमच्या कॉलनीच्या हॉलमध्ये मी संध्याकाळी मुलांना गणित शिकवतो. शिक्षक नाही मी. जन्म गेला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये नट-बोल्ट आवळण्यात. गणित रिटायर झाल्यावर पुस्तकं पुढ्यात घेऊन आपलं आपणच शिकलो. हॉलला कुणीतरी स्मार्ट बोर्ड दिला, तोही मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून माणसाळवला.

त्या दिवशी विषय होता रोटेशन, म्हणजे आकृती फिरवणं. बोर्डावर त्रिकोण काढला, नव्वद अंश टाइप केले आणि ऐटीत म्हणालो, "अब देखो, घड़ी की तरह दायें घूमेगा." त्रिकोण गेला डावीकडे...

माझ्या हाताला एकच फिरवणं ठाऊक. आवळायचं ते उजवीकडे. पुन्हा करून पाहिलं, पुन्हा डावीकडे. मग मी जाहीर केलं, बोर्डात फॉल्ट आहे, उणे नव्वद टाका म्हणजे नीट चालतो.

तेवढ्यात अस्मिता उठली. आमच्याच ब्लॉकमधली, आठवीतली. घरी सगळे मराठी, पण ही उत्तर देणार हिंदीतच. "आजोबा, प्लस मतलब एंटी-क्लॉकवाइज़ होता है ना? घड़ी से उल्टा?"

"थांब, बघू या" एवढं म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? पण नाही. मी म्हणालो, "अच्छा! मग मॅडम, तुम्हीच शिकवा, मी बसतो खाली."

मुलं खो खो हसली. ती खाली बसली. आणि मी मनात खूश... काय वर्ग ताब्यात आहे आपल्या!

गुरुवारी तिच्या शाळेत परीक्षा होती. गणिताच्या प्रदर्शनासाठी आठवीतून एकच नाव जाणार होतं. पोरगी दोन महिने त्या एकाच गोष्टीच्या मागे होती. शनिवारी मीच तिला हाक मारली, म्हटलं पेपर दाखव बघू.

बिंदू (३, १) आरंभबिंदूभोवती अधिक नव्वद अंशांनी फिरवा, असा प्रश्न. तिने आधी लिहिलं होतं (-१, ३). मग त्यावर एक सरळ रेघ, आणि खाली मी सांगितलेल्या दिशेचं उत्तर... (१, -३). त्यावर लाल फुली.

आधी मी तिच्या शाळेतल्या मॅडमवरच चिडलो, बरं का. चष्मा चढवून तिचंच पुस्तक उघडलं. चौकटीत ठळक छापलेलं, अधिक कोन म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेने. "हे येतं आपल्याला" म्हणत माझ्याकडच्या प्रतीतलं तेच पान मी दर वेळी उलटून पुढे गेलो होतो.

"अगं, आधीचं बरोबर होतं. खोडलंस कशाला?"

"आपने बताया था ना, आजोबा."

तक्रार नाही, रुसवा नाही. एका मार्काने राहिली होती ती. मला मान वर करवेना.

सोमवारी शाळेत जाऊन मॅडमपुढे हात जोडले, चूक माझी आहे म्हणून सांगितलं. "अंकल जी, नाम तो चला गया," त्या म्हणाल्या. त्यांचा तरी काय दोष.

काल पुन्हा मंगळवार. सगळ्या मुलांसमोर झालं ते सांगितलं आणि अस्मिताची माफी मागितली. पुढे बसलेल्या एका मुलीने विचारलं, "तो दादाजी, बोर्ड ठीक था?" म्हटलं, हो बाळा, ठीक होता. कुणीच हसलं नाही. हसली असती तर जरा बरं वाटलं असतं.

मग शिकवायला लागलो. एक आकृती फिरवली आणि अस्मिताला मुद्दाम विचारलं, बरोबर आहे ना गं? तिने बोर्डाकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे... आणि म्हणाली, "हाँ आजोबा, ठीक है."

उत्तर बरोबरच होतं. पण चुकलं असतं तर ती बोलली असती का... हे तिला विचारायचं धाडस मला झालं नाही.