सुपडूच्या उंचीचं मशीन

नामाभाऊ मिस्त्री कामाला उभा राहिला की रस्त्यावरून त्याचं डोकं दिसायचं नाही, नुसती पाठ दिसायची. दारातून आत येताना मान खाली घालावी लागे एवढा उंच माणूस, पण लाकूड कापताना कमरेत असा वाके, की विहिरीत पडलेली बादली शोधतोय असं वाटावं. बुऱ्हाणपुरात इच्छापूर रस्त्याला त्याचं दुकान होतं आणि भिंतीला भिंत लागून माझी पिठाची चक्की. दिवसभर ती पाठ बघून माझीच कंबर भरून यायची.

सगळं त्या मशीनमुळे. लोखंडी टेबल, त्याच्या मधोमध फिरणारी गोल करवत. टेबल नामाभाऊच्या गुडघ्याच्या जरासं वर होतं, कारण त्यावर त्याचा धाकटा भाऊ सुपडूही काम करायचा. सुपडूचे दोन्ही पाय लहानपणीच लुळे पडलेले. तो बुटक्या स्टुलावर बसून फळ्या कापायचा, आणि छान कापायचा.

"नामाभाऊ, चार विटा घाला ना टेबलाखाली," मी म्हणायचे.

"मशीन सुपडूच्या हिशोबानं आहे, वहिनी. मी होतो अ‍ॅडजस्ट."

हे त्याचं ठरलेलं वाक्य. चहात साखर नाही, पत्रा तापलाय, गिऱ्हाईक उगीच तोंड सोडतंय, काहीही असो, नामाभाऊ आपला होतो अ‍ॅडजस्ट. मला भारी चीड यायची त्याची.

एकदा माझ्या कटकटीला कंटाळून त्यानं विटा घातल्या, सुपडूला उंच स्टूल आणलं. सुपडूचे पाय अधांतरी लोंबकळायला लागले. फळी पुढे रेटताना त्याचा तोल गेला आणि हात करवतीच्या इतका जवळ गेला, की मी चक्कीतून ओरडले. नामाभाऊनं आधी बटण बंद केलं, मग भावाला खाली उतरवलं, मग एकेक वीट काढून बाहेर फेकली. "कंबर काय, दुखेल. बोटं गेली तर मी कुठून आणू?"

"मग सुपडूला बसून राहू द्या की. तुम्ही एकटे कापा," मी म्हटलं.

उत्तर सुपडूनंच दिलं. "बसूनच राहायचं असेल तर मी इच्छादेवीच्या देवळाच्या पायऱ्यांवर जाऊन बसतो. तिथं लोक निदान पैसे तरी टाकतात." नामाभाऊ खाली वाकला आणि कामाला लागला. त्यानंतर मीही विटांचं नाव काढलं नाही.

पाठ हळूहळू गेली. आधी तो संध्याकाळी कमरेवर हात ठेवून सरळ व्हायचा. मग सरळ व्हायला भिंत लागायला लागली. मग तो चालतानाही वाकलेलाच राहिला, समोरच्याशी बोलताना डोळे वर करून बघायला लागला. मी विचारलं की म्हणायचा, "निजलो की काही नसतं, वहिनी. उभं राहिलं की पाठ ऐकत नाही."

पावसाळ्यात सुपडूला कावीळ झाली. दवाखान्यात नेला, पण तो परत आला नाही. तेरावं झालं तरी नामाभाऊ दुकान उघडेना. मला वाटलं, आता तरी या माणसानं सुखानं काम करावं. मी किल्ली मागून घेतली, वेल्डर बोलावला आणि टेबलाला लांब पाय लावून घेतले. उंची त्याला माझ्या आठवणीनं सांगितली.

नामाभाऊ आला, टेबलापाशी उभा राहिला. टेबल त्याच्या छातीला लागलं.

बराच वेळ त्यानं पत्र्यावरून हात फिरवला. "कोणासाठी केलं हे, वहिनी?"

मी किल्ली टेबलावर ठेवली.

"चांगलं केलं. पण आता मलाही सुपडूएवढंच लागतं." वेल्डरनं त्याच दिवशी पाय कापून टाकले.

थंडी सरता सरता नामाभाऊही गेला. घरात मूलबाळ नव्हतं. गल्लीतल्या पोरांनी तिरडी बांधली, रोज दिसायचा त्या नामाभाऊच्या अंदाजानं. त्यावर ठेवला तर पाय पोटऱ्यांपर्यंत बाहेर आले. आडवा केल्यावर त्याची पाठ सरळ झाली होती. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. त्यांनी त्याला ताठ कधी पाहिलंच नव्हतं.

एक जण हळूच म्हणाला, "गुडघे जरा मोडून घेऊ. हो जाएगा अ‍ॅडजस्ट."

अशा वेळी बायकांनी मध्ये बोलायचं नसतं. मी बोलले. "त्याला आता हात लावायचा नाही. लांब बांबू आणा."

बांबू येईपर्यंत आम्ही सगळे अंगणात थांबून राहिलो. मी त्याच्याकडे बघत होते. किती उंच होता तो.