अडीच वाजताचा फोन

माझी बायको रोज दुपारी अडीच वाजता एका सुताराला फोन लावते. स्पीकर चालू करते, फोन शिलाई मशीनला टेकवून उभा ठेवते आणि मग दीड तास दोघंही एक अक्षर बोलत नाहीत. बोलले असते तर मला इतकं लागलं नसतं. बोलणं कानावर पडतं, त्यावरून भांडता तरी येतं. इथे काय, तर इकडून मशीनची खडखड, तिकडून लाकडावर पॉलिश पेपर घासल्याची खरखर, आणि पलीकडच्या खोलीत जेवणाच्या ताटावर बसलेला मी. सांगा, भांडायचं तरी कशावरून?

मी चष्म्याच्या दुकानात मोडक्या दांड्या बसवतो. कणीएवढे स्क्रू असतात, वीस वर्षांत एकही हरवलेला नाही. दुपारी दुकान दोन ते पाच बंद असतं, म्हणून मी जेवायला घरी येतो. बायको घरीच पडदे शिवते. हात असा की शिलाई पट्टी लावून आखल्यासारखी. पण सुरू केलेलं संपेल तर शपथ. दूध गॅसवर ठेवून खडू शोधायला जाईल, खडू शोधताना कपाट आवरायला घेईल, आणि कपाटात सापडलेले जुने फोटो बघत बसेल. दूध गेलं. पोरीच्या शाळेत पालकसभेला आदल्या दिवशी जाऊन बसली, आणि सभेच्या दिवशी घरी.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं. एक गोष्ट मात्र नाही. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा ती मला न्यायला येणार होती. मी डोळ्याला पट्टी बांधून दवाखान्याच्या पायरीवर दोन तास बसलो. बाईसाहेब अस्तराचं कापड बघत होत्या. नंतर खूप रडली. "मी तुला विसरलेच," एवढंच म्हणाली. माझ्या मनात तेव्हा जे बसलं ते बसलं. ज्याच्यावर जीव असतो, त्याला कोणी असं विसरतं का?

गेल्या वर्षी, त्रेचाळिसाव्या वर्षी, डॉक्टरांनी तिला एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचं दुखणं, असल्याचं सांगितलं. गोळ्या आल्या, भिंतीवर मोठं कॅलेंडर आलं, किल्ल्यांना दाराजवळ खुंटी आली. आणि शनिवारचा गट आला. तिथे याच दुखण्याची माणसं जमतात. तिथेच हा सुतार भेटला. शेजारी कोणीतरी आपापलं काम करत बसलं की आपलंही काम पुढे सरकतं, असं म्हणे त्यांना कळलं. मग मी काय मेलो होतो? आठ फुटांवर जिवंत नवरा बसलाय, आणि सोबतीला माणूस हवा तो फोनवरचा. माझ्या पोटात दुखायचं, आणि मी ते कबूल करतो.

या महिन्यात तिला शाळेच्या सभागृहाचे बारा पडदे मिळाले. मुख्याध्यापिका बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, मागे दोनदा उशीर झालाय, या शुक्रवारी संध्याकाळी पडदे आले नाहीत तर शाळेचं काम कायमचं दुसरीकडे. शाळेचं काम म्हणजे तिचं निम्मं काम. सोमवारपर्यंत पाच पडदे झाले होते.

मंगळवारी ती दोरा आणायला खाली गेली. फोन चालूच होता, खरखर चालूच होती. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी फोन उचलला आणि म्हणालो, "तुम्हाला दुसरे उद्योग नाहीत का? यापुढे माझ्या बायकोचा फोन घ्यायचा नाही."

खरखर थांबली. "बरं," तो म्हणाला, आणि फोन बंद झाला. बायकोला मी सांगितलं, लाइन तुटली.

बुधवारी तिने चारदा फोन लावला. त्याने उचलला नाही. चौथ्यांदा फोन खाली ठेवून ती उठली आणि बटणांचा डबा रंगांप्रमाणे लावायला बसली. मग स्टुलाला रंग द्यायला घेतला. सहावा पडदा टाचण्या लावलेला तसाच पडून होता.

गुरुवारी मी म्हटलं, आता माझी पाळी. खुर्ची ओढून तिच्यासमोर बसलो. "आधी दुमड घाल," म्हणालो. "कात्री त्या हाताला ठेव. तो धागा राहिला बघ." अर्ध्या तासात तिने तीच शिलाई तीनदा उसवली.

"तू बसलास की मला परीक्षा असल्यासारखं वाटतं," ती म्हणाली.

"मलापण गणिताला तसंच होतं," पोरगी आतून म्हणाली. तिला कोणी विचारलं नव्हतं.

मी चप्पल घातली आणि सुताराचं दुकान गाठलं. मनात ठरवलं होतं, माणूस तरी बघू. पन्नाशीचा, टक्कल पडलेला, कानामागे पेन्सिल अडकवून ती पेन्सिल शोधत होता. भोवती सहा खुर्च्या, एकीचेही पाय पूर्ण घासलेले नव्हते. मी कोण ते सांगितलं.

"दोन दिवस एक फळी घासून झालेली नाही," तो म्हणाला. रागाने नाही, जरा ओशाळून. "माझी बायकोपण विचारायची, ती तिकडची बाई कोण म्हणून. तीही यायची सोबत करायला. पण ती बघत बसते हो. बघितलं की माझे हात थांबतात."

"मग मी करू काय?"

"तुम्ही तुमचं काम घेऊन बसा. तिचं बघू नका."

घरी येऊन मी बायकोला खरं सांगून टाकलं. मला वाटलं, आता भडका उडणार. ती टाचण्यांच्या डबीकडे बघत राहिली.

"मला वाटलं, त्याला माझा कंटाळा आला," ती म्हणाली. "सगळ्यांना येतो तसा. तुला आला तसा."

मला कंटाळा आला नव्हता, मी जळत होतो. पण तिला त्यातला फरक कळावा असं मी एवढ्या वर्षांत वागलो होतो कुठे?

शुक्रवारी तिने सकाळीच फोन लावला, आणि त्याने पहिल्याच घंटेला उचलला. मी दुकानातून सुट्टी घेतली आणि मोडक्या फ्रेमचा ट्रे घरी आणला. दाराजवळ, तिच्या पाठीमागे, स्टुलावर बसलो. खडखड, खरखर, आणि मधेच माझ्या स्क्रू-ड्रायव्हरची किरकिर. एकदा तिने शिलाई उसवल्याचा आवाज आला. मी जीभ चावली आणि मान वर केली नाही. दुपारी जेवणाचं तिने काढलं नाही, मीही काढलं नाही. पोरगी शाळेतून आली, माझ्याकडे बघून तिने डोळे विस्फारले आणि ती चवड्यांवर चालत आत गेली.

सव्वापाचला कात्री वाजली. "झाले बारा," ती फोनला म्हणाली.

"माझीपण सहावी झाली," सुतार म्हणाला.

आधी त्याला सांगितलं हे मला टोचलं. टोचलं नाही म्हणालो तर खोटं होईल. ती फोन ठेवून उठली, वळली, आणि मला बघून दचकलीच.

"अरे, तू कधीपासून इथे?"

"सकाळपासून."

"मी तुला विसरलेच," ती म्हणाली, आणि बोलता बोलता तिचा चेहरा उतरला. तिलाही ती पायरी आठवली असणार.

"बरं झालं," मी म्हणालो. मी ट्रे बाजूला ठेवला आणि पडद्याचं दुसरं टोक धरलं. शाळा सहाला बंद होते, आणि बारा पडद्यांच्या घड्या घालायच्या होत्या.