मोकलांची हवेची होडी

दिनानाथ मोकल काहीही विकत घ्यायचं ठरलं की आधी वही करतात. मिक्सरची वही आहे, गादीची आहे, पाण्याच्या टाकीची आहे. शांतीशी लग्न ठरलं तेव्हाही एक होती म्हणतात, पण ती पुढे सापडली नाही. धाटावच्या एका कंपनीत ते शिफ्ट सुपरवायझर आहेत. एकोणीस वर्षं यंत्रांवरचे काटे वाचून वाचून, काटा दिसत नाही ती गोष्ट खरी नसते, अशी त्यांची समजूत झाली आहे. रोह्यात ते राहतात त्या इमारतीत कुणाला साधा पंखा घ्यायचा असला तरी लोक मोकलांना विचारतात. न विचारलं तरी ते सांगतातच, म्हणून.

कंपनीतल्या कमळाकरने पेणला बंगल्याचं काम काढलं, त्या वर्षी मोकलांना अचानक कुटुंबाची आठवण झाली. बंगला बांधणं आवाक्यात नव्हतं. नदी मात्र घराच्या मागे होती आणि फुकट होती.

"दर रविवारी फॅमिली आउटिंग," त्यांनी जेवताना जाहीर केलं. "आपण कयाक घेतोय. हवेची. फुगवायची, वल्हवायची, घडी घालून पिशवीत."

"फुगा?" गिरजाबाईंनी विचारलं. या मोकलांच्या आई. गडबचं घर सोडून सहा वर्षांपूर्वी इथे आल्या, पण गडब त्यांना सोडून गेलेलं नाही. "फुग्यात बसून पान्यात जायचा? दिनू, तुला बरा हाय ना?"

शांतीने पोळी तव्यावर टाकली. ती तिथे जरा जास्त वेळ राहिली, एवढंच.

शांती पेणची. तिचे वडील मूर्तींच्या कारखान्यात कामाला होते आणि ती आठवीत असल्यापासून शाळेतून आल्यावर गणपतींना काचकागद मारायची. पोट, सोंड, कानामागची खाच. अनंत चतुर्दशीला तीच मूर्ती पाण्याकडे निघायची, चार पुरुष तिला होडीत घेऊन आत जायचे आणि पोरी काठावर चपला राखत उभ्या राहायच्या. तिने घासलेले कितीतरी गणपती होडीत बसून गेले. ती त्रेचाळीस वर्षांची झाली तरी एकदाही बसली नव्हती. हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं, कारण मोकलांच्या घरात इच्छा सांगितली की तिची वही होते.

कयाकची वही तीन महिने चालली. कापडाची जाडी, हवेचे कप्पे किती, तळ साधा की कडक, वल्हं अॅल्युमिनियमचं की प्लास्टिकचं, पंपाचा दाब, भार. रात्रपाळी करून आलेले मोकल सकाळी झोपायचं सोडून परदेशातल्या तळ्यांचे व्हिडिओ बघत. त्या व्हिडिओंतल्या बायका सारख्या हसत असतात आणि एकीच्याही हातात डबा नसतो.

शांतीने तीन महिन्यांत एकच प्रश्न विचारला. "अहो, वाळायला किती वेळ लागतो तिला?"

मोकलांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "शांती, टॉवेल आहे का तो?"

भाराचा रकाना मात्र त्यांनी मनावर घेतला. कयाक एकशे ऐंशी किलो पेलेल असं कंपनी म्हणत होती. "कंपनी म्हणते एकशे ऐंशी, म्हणजे आपण धरायचं एकशे साठ," मोकल म्हणाले. "वीस किलो सुरक्षेचे. एकशे साठच्या वर एक ग्रॅम नाही. हा नियम." मग गडबला शेतावर गेले असताना वाटेतल्या हैबतरावांच्या भातगिरणीवर त्यांनी सगळ्यांना पोत्यांच्या काट्यावर चढवलं. मालू, सातवीतली मुलगी, छत्तीस. गिरजाबाई त्रेचाळीस. शांती एकसष्ट; हा आकडा मोकलांनी गिरणीत बसलेल्या दहा माणसांना ऐकू जाईल असा वाचला.

"आणि तुमचं?" मालूने विचारलं.

"माझं अडुसष्ट. कंपनीच्या मेडिकलला झालंय." मोकलांनी वही मिटली. ते मेडिकल नोकरीला लागतानाचं होतं, हे त्यांनी सांगितलं नाही. खोटं बोलावं असा त्यांचा स्वभाव नाही. स्वतःला पुन्हा मोजावं असंही त्यांना कधी वाटलेलं नाही.

हिशेब घरी झाला. अडुसष्ट आणि छत्तीस, वर सामानाचे आठ. एकशे बारा. त्यात शांतीचे एकसष्ट मिळवले की एकशे त्र्याहत्तर. नियम मोडतो.

"मग तुम्ही आणि मी?" शांती म्हणाली.

"मालूला काठावर एकटी ठेवणार?"

"मी आणि मालू?"

"वल्हवणार कोण?" मोकल समजुतीने हसले. "आणि कपडे, मोबाइल, आई... काठावर कुणीतरी भरवशाचं माणूस लागतंच ना."

भरवशाचं माणूस दर रविवारी काठावर बसू लागलं.

मोकल पंप मारत, मोकल आणि मालू केशरी जाकिटं घालत, आणि बंधाऱ्याच्या वरच्या डोहात ते दोघे गोल गोल फिरत. काठावर शांती, गिरजाबाई, चार जोड चपला आणि पोह्यांचा डबा. तासाभराने मोकल ओले होऊन येत, पोहे खात आणि म्हणत, "काय मजा आली ना आज?" घरी आल्यावर ते झोपत. शांती कयाक बाथरूममध्ये धुवायची, गच्चीवर न्यायची, उलटी करायची, शिवणींमध्ये अडकलेलं पाणी जुन्या धोतराच्या बोळ्याने टिपायची. एवढं करूनही ती पूर्ण वाळायला सोमवारची दुपार होई. नाही वाळली तर बुरशीचा वास, आणि वास आला तर मोकल वल्हं हातात घेऊन विचारत, "या घरात वस्तूची काळजी कुणाला आहे की नाही?"

दसऱ्याला कयाकची पूजा झाली. स्कूटरची होते, मिक्सरची होते, मग हिची का नको, असं गिरजाबाईंचं म्हणणं पडलं. "वाहन ते वाहन. देवाला काय, चाकं मोजत नाय तो." इमारतीच्या खाली कयाक फुगवून ठेवली, कुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडूची माळ घातली, समोर नारळ फोडला. केळ्याच्या फोडीत तीन उदबत्त्या खोचून ती फोड मोकलांनी स्वतः कयाकच्या नाकावर ठेवली. फोटो काढला आणि कमळाकरला पाठवला.

पुढच्या रविवारी पाऊण तासात कयाकचं नाक खाली गेलं.

"माल खराब!" मोकल काठावरूनच ओरडले, आणि घरी येऊन त्यांनी कंपनीच्या साइटवर पाचातला एक तारा देऊन लांबलचक मत लिहिलं. तोवर शांतीने गच्चीवर बादलीभर साबणाचं पाणी नेलं होतं. नाकाजवळ, स्वस्तिकाच्या एका भुजेत, बुडबुडे आले. डाळीच्या दाण्याएवढं भोक, कडा जळालेल्या. तिने कुंकू पुसलं, काचकागदाने जागा घासली, कयाकसोबत आलेल्या पेटीतल्या गोंदाने ठिगळ बसवलं आणि वर पाटा-वरवंट्यातला वरवंटा रात्रभर ठेवला. कानामागची खाच घासलेल्या हाताला हे काही जड नव्हतं.

"कुठे होतं?" मोकलांनी सकाळी विचारलं.

"देवाच्या कृपेजवळ," शांती म्हणाली. मोकलांना कळलं नाही. एक तारा तसाच राहिला.

काठावर बसून बसून शांतीची मंगळीशी ओळख झाली. मंगळी नदीकाठच्या आदिवासी वाडीतली. मजुरी नसेल त्या दिवशी मासे धरायला यायची. नदीत कुठे खडक आहे, कुठे गाळ आहे, वरच्या वीजघरातून पाणी कधी सुटतं आणि इथवर कधी पोचतं, हे तिला वहीशिवाय ठाऊक होतं. मोकलांनी तिला कधी विचारलं नव्हतं.

एका रविवारी मंगळीनेच विचारलं, "तू नाय बसत, बाय? दर वेळी हितंच?"

"माझं वजन जास्त होतं."

मंगळीने शांतीकडे पाहिलं. मग डोहात, जिथे कयाकचा मागचा भाग पाण्यात बुडत आला होता आणि पुढे मालू हवेत तरंगत होती, तिकडे पाहिलं.

"तुजा?" ती म्हणाली, आणि पुन्हा जाळ्याच्या गाठी सोडवू लागली.

गिरजाबाई एवढ्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

जानेवारीत कमळाकर पेणहून आला. बंगल्याची वास्तुशांत झाली होती, आता मोकलांना काहीतरी दाखवणं भाग होतं. सकाळी आठची वेळ ठरली, कारण व्हिडिओंतले लोक सकाळीच जातात.

"मंगळी म्हणते, आज अकरापर्यंत पाणी यायचं नाही," शांती म्हणाली.

"मी हवामान बघितलंय," मोकल म्हणाले.

दोघं पुरुष जाकिटं घालून बसले. बसताच कयाक मध्यभागी अशी वाकली की दोघांचे गुडघे एकमेकांना लागले. मोकलांनी वल्हं मारलं. चाळीस हातांवर गेल्यावर खालून खर्रकन आवाज आला आणि होडी थांबली. वल्हं मारलं तर गोल फिरेना, ढकललं तर सरकेना. मग मोकलांनी जाकिटाला लटकवलेली शिट्टी तोंडात धरली आणि पुस्तकात लिहिल्याप्रमाणे तीनदा वाजवली. थोडं थांबून पुन्हा तीनदा. काठावरचे कुत्रे भुंकू लागले.

मंगळीने लुगडं खोचलं आणि ती पाण्यातून चालत चालत त्यांच्यापर्यंत गेली.

"सायेब, उतरा ना," ती म्हणाली. "पानी गुडघ्याएवढा हाय."

कमळाकर उतरला. पाणी खरंच गुडघ्याएवढं होतं. मग मोकल उतरले, आणि उतरल्याबरोबर होडी टुणकन वर आली व स्वतःच तरंगू लागली.

"काय रे मोकल," काठावर आल्यावर पँट पिळत कमळाकर म्हणाला, "एकशे साठपर्यंत बिनधास्त म्हणालास ना? माझे अठ्ठ्याहत्तर. तुझे?"

"अडुसष्ट."

"माझ्यापेक्षा दहा कमी? जरा शेजारी उभा राहा बघू."

मोकल उभे राहिले नाहीत. "भाराचा आकडाच खोटा छापलाय त्यांनी," ते म्हणाले. "आता सोडत नाही. लेखी तक्रार."

शांती डबा उघडत होती. "तक्रारीत बसणाऱ्यांची वजनं लिहावी लागतील ना?" ती शांतपणे म्हणाली. "कमळाकरभावजींचं ताजं आहे. तुमचं जुनं. उद्या कुणी बोट ठेवायला नको. आपलं भात भरडायचंच आहे, तेव्हा गिरणीवर करून टाका."

हे म्हणणं मोकलांना पटलं. पद्धतशीर म्हणणं त्यांना नेहमीच पटतं.

भात घेऊन गेले त्या दिवशी गिरणीत गर्दी होती. मोकल चपला काढून काट्यावर चढले, जणू देवळात चालले आहेत. आकडे फिरले, थांबले.

"एकोणनव्वद," हैबतराव म्हणाले.

"काटा जरा..."

"काटा परवाच पास करून घेतलाय. उतरा, मागं पोती थांबलीत."

मोकल उतरले, खिशातला मोबाइल आणि किल्ल्या काढल्या, पुन्हा चढले. एकोणनव्वदच. कुणीतरी म्हणालं, "पट्टा काढून बघा." कुणीतरी आणखी काही काढायला सुचवलं, ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मालूने वही घेतली होती. "बाबा, तुमचे एकोणनव्वद, काकांचे अठ्ठ्याहत्तर, सामान आठ. एकशे पंच्याहत्तर. तुमच्या एकशे साठच्या वर. होडी बरोबरच होती."

"बरं बरं."

"आणि आई एकसष्ट, मी छत्तीस, आजी त्रेचाळीस, सामान आठ... एकशे अठ्ठेचाळीस." मालूने मान वर केली. "बसतंय की! तुम्ही नसलात की सगळे बसतात."

गिरणीचा पट्टा तेवढ्यात बंद का पडावा, कोण जाणे. सगळ्यांना स्वच्छ ऐकू आलं.

"नियम तुमचाच आहे," शांती म्हणाली. "एकशे साठच्या वर एक ग्रॅम नाही."

पुढच्या रविवारी शांतीने आधी मंगळीला विचारलं. "अकराला पानी येल," मंगळी म्हणाली, "लगेच नको बसू, थिरावू दे. डोहाच्या या अंगालाच फिर, पलीकडं खडक हाय." साडेअकराला शांतीने स्वतः पंप मारला, ठिगळावर बोट फिरवून पाहिलं आणि साडीऐवजी सलवार-कमीज घालून आलेली ती पहिल्यांदा होडीत पाय टाकून बसली. मधे मालू बसली आणि पुढे गिरजाबाई, जाकिटावर छत्री उघडून.

"वल्हं उलटं धरलंयस!" मोकल काठावरून ओरडले. "डावीकडे! अगं, तुझं डावं!"

होडी दोनदा स्वतःभोवती फिरली. मग शांतीला तिची खोड कळली, ठिगळाच्या बाजूला ती जरा ओढायची, आणि होडी सरळ चालू लागली. पाण्याचा थंडपणा तळातून मांड्यांना लागत होता. फार काही थोर नव्हतं ते. पण काठ दूर जात होता, आणि तो काठ तिने या बाजूने कधी पाहिलाच नव्हता. तिथे चार जोड चपला होत्या, डबा होता, आणि त्यांच्या मधोमध एक माणूस. डब्यावर बसणाऱ्या कावळ्याला तो हाताने हाकलत होता.

"शांते," छत्रीखालून गिरजाबाई म्हणाल्या, "एवढा लहान दिसतो गो दिनू हितून."

"तिथे बसलेली मीही एवढीच दिसत असेन."

गिरजाबाईंनी छत्री जरा वर केली. "आमी कदी बघितलाच नाय," त्या म्हणाल्या.

"पुरे आता!" मोकल ओरडत होते. "भूक लागलीय!"

"डबा तुमच्याजवळच आहे!" शांती ओरडून म्हणाली आणि तिने आणखी एक फेरी घेतली.

घरी गेल्यावर तिने ओली कयाक गच्चीच्या जिन्यात ठेवली आणि मालूला घेऊन दोन दिवसांसाठी पेणला माहेरी निघून गेली. मोकलांनी ती रविवारी संध्याकाळी उलटी केली, सोमवारी सुलटी केली, आणि पाळी बदलून घेऊन मंगळवारी सकाळी शिवणींमधलं पाणी बोटाने काढत बसलेले ते इमारतीतल्या तिघींना दिसले.

आता मोकल मोठी कयाक बघताहेत, चार माणसांची. नवी वही केली आहे. तिच्यात कापडाची जाडी, कप्पे, दाब, भार हे सगळे रकाने आहेत, पण दुसऱ्या क्रमांकापासून. पहिला रकाना आहे 'वाळायला लागणारा वेळ'. ही माहिती कुठलीच कंपनी देत नाही, अशी त्यांची तक्रार आहे, आणि इतका साधा प्रश्न आजवर कुणाला कसा सुचला नाही, याचं आश्चर्य ते भेटेल त्याला बोलून दाखवतात.